परंपरा राखायची, पण कुणाच्या परीक्षेला बसून?

शिक्षणात परंपरा हवी असं म्हणणाऱ्यांना आपण सरसकट एका रांगेत उभं करतो. इतिहासात मात्र त्यांच्यातच कडाक्याचं भांडण झालं. आज आपण ते भांडण पाहू, कारण त्यातला प्रश्न अजून सुटलेला नाही.

१८७५ साली स्वामी दयानंदांनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात व्याख्यानं दिली. समाजाने मूळ मात्र धरलं ते पंजाबात. १८८३ मध्ये स्वामीजी गेले, तेव्हा लाहोरच्या अनुयायांनी स्मारक म्हणून पुतळा नव्हे, शाळा काढायचं ठरवलं. १८८६ मध्ये दयानंद अँग्लो-वैदिक, म्हणजे डी.ए.व्ही., शाळा सुरू झाली. बावीस वर्षांचे लाला हंसराज बिनपगारी मुख्याध्यापक झाले. त्यांचा संसार चालला तो थोरल्या भावाने स्वतःच्या पगारातून काढून दिलेल्या अर्ध्या वाट्यावर.

नावातच तडजोड होती: अँग्लो आणि वैदिक. मुलांना संस्कृत-हिंदी यावं, धर्म कळावा आणि इंग्रजी, विज्ञान शिकून नोकरीही मिळावी. त्यासाठी संस्था पंजाब विद्यापीठाच्या परीक्षांना जोडलेली होती. इथेच माशी शिंकली. परीक्षेत जे विचारतात तेच मुलं वाचतात. इंग्रजीचं वजन वाढत गेलं आणि वेद मागे पडले, अशी तक्रार पंडित गुरुदत्त विद्यार्थींसारख्यांनी केली. मांसाहाराचा वादही त्यात मिसळला आणि १८९३ मध्ये आर्य समाजात उभी फूट पडली.

दुसऱ्या गटाचे पुढारी होते जालंधरचे वकील मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद. तीस हजार रुपये जमल्याशिवाय घरी परतणार नाही, अशी प्रतिज्ञा करून ते बाहेर पडले आणि रक्कम जमवूनच परतले. १९०२ मध्ये हरिद्वारजवळ, गंगेकाठच्या कांगडी गावात गुरुकुल उभं राहिलं. मुन्शीरामांनी आपली दोन्ही मुलं तिथेच घातली. सरकारी मदत नाही, विद्यापीठाची संलग्नता नाही. विज्ञानसुद्धा हिंदीतून, त्यासाठी पुस्तकं नव्याने लिहून घेतलेली. आपले पंडित सातवळेकरही काही काळ तिथे होते.

नागरिक घडवण्याची कल्पनाही वेगळी होती. त्यासाठी वेगळा तास नव्हता. एकत्र राहणं, एका पंगतीत जेवणं, जात न पाहणं, हाच धडा. म्हणजे जुन्या चौकटीत राहून जुन्याच रूढीला धक्का. सरकारला या स्वतंत्र संस्थेचा संशय येई, तरी १९१६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय चेम्सफर्ड ती पाहून गेले.

मग बरोबर कोण? हिशेब सरळ नाही. डी.ए.व्ही.च्या शाळा देशभर पसरल्या. आज भोपाळ-इंदूरपासून कोलकात्यापर्यंतच्या मराठी घरांनाही ते नाव परकं नाही. त्यांनी लाखोंना पोटापाण्याचं शिक्षण दिलं, पण परीक्षा दुसऱ्याची घेतली. गुरुकुलाने परीक्षा स्वतःची ठेवली, पण सरकारदरबारी त्याच्या पदवीला मोल नव्हतं, त्यामुळे आपलं मूल तिथे पाठवणारे पालक थोडेच राहिले. शेवटी १९६२ मध्ये त्यानेही अभिमत विद्यापीठाचा दर्जा घेतला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरा आणि मातृभाषा हे शब्द पुन्हा आले आहेत. त्यांचं स्वागत करताना किंवा त्यांना विरोध करताना कांगडी आणि लाहोर आठवावं. पाठ्यपुस्तकात एक धडा वाढवणं सोपं असतं. प्रश्नपत्रिका कोण काढतो, त्या शिक्षणावर नोकरी मिळते का आणि वर्गात कुणाला बसू देतात, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या सुधारणेकडे नाहीत, तिच्यातली परंपरा प्रार्थनेपुरतीच उरते.