पुराच्या पुढे धावणारी वार्ता

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई ओलांडून कऱ्हाडास येते, तेथे कोयनेला भेटते, पुढे ब्रह्मनाळजवळ येरळेला पोटात घेते आणि सांगलीच्या वेशीपाशी, हरिपूरच्या संगमावर, वारणेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस किती झाला हे सांगलीकरांस सांगणारा सर्वांत जुना दूत म्हणजे ही नदीच होय. परंतु हा दूत मोठा विलक्षण आहे. तो वार्ता आणि संकट ही दोन्ही एकाच वेळी दारात आणून ठेवतो. म्हणून माणसाने निराळे दूत नेमले. तार आली, बिनतारी यंत्र आले, दूरध्वनी आला, आकाशवाणी आली. ह्या दूतांनी काय साधले व कोठे ते अडखळले, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

सांगली हे संस्थान असताना, १९२९ साली, कृष्णेवर आयर्विन पूल बांधून पुरा झाला. त्या काळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला मिळाले. ते नाव कोणाचे, हे आज सांगलीत फार थोड्यांना ठाऊक असेल. पण त्या पुलापाशी पाणी किती फूट आहे, हे पावसाळ्यात लहान मुलेही विचारतात. चाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी आणि पंचेचाळीस ही धोक्याची, असे ठरलेले आहे. एवढ्या सोप्या मापाने शहराला बोलते केले, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि ह्या मापात एक उणीव आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते ते इशाऱ्याची पातळी गाठण्यापूर्वीच. शहराच्या दृष्टीने अजून इशाराही झालेला नसतो, आणि त्या घरांतील चूल विझलेली असते. त्यातच धरणावरून येणारा निरोप फुटांत नसतोच. तो असतो क्युसेकमध्ये. कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, असे कळले तरी आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येईल की नाही, याचा उलगडा त्यावरून गृहिणीने कसा करावा? निरोप पोहोचला खरा, पण तो कळला असे म्हणता येत नाही.

नदी निदान वेळ तरी देते. कोयनेचे पाणी सांगलीस यावयास एक दिवसाच्या आसपास लागतो. भूकंप असा वेळ देत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे मेली, शेकडो जखमी झाली, गावातील बहुतेक घरे कोसळली. कोयनेचे वीजगृह थांबले आणि दूरवर मुंबईच्या वीजपुरवठ्यात खंड पडला. जी तार वीज वाहते तीही अशा वेळी निरोप्या ठरते. मात्र काय झाले हे ती सांगत नाही, काहीतरी झाले एवढेच सांगते.

ह्या भूकंपाने अगदीच सूचना दिली नव्हती, असेही नाही. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के जाणवत होते, ते टिपणारी यंत्रेही बसविली होती, आणि १९६७ मध्येच १३ सप्टेंबरला एक मोठा धक्का बसून गेला होता. धक्के मोजले जात होते. परंतु त्या मोजणीचा अर्थ काय व त्यावरून गावाने काय करावे, हे सांगू शकेल असे शास्त्र त्या वेळी कोणापाशीच नव्हते. धरणाच्या अंगाला भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. पानशेत फुटून तेव्हा पुरती साडेसहा वर्षेही झाली नव्हती. त्या सकाळी खालच्या खोऱ्याला भूकंपाच्या बातमीहून धरण शाबूत असल्याची बातमी अधिक तातडीने हवी होती. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून चालू होते, आणि सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला खांबावरील विजेची गरज नसते. पुढे बुटके आधार घालून धरण मजबूत करण्यात आले.

येथे एक जुनी आठवण सांगण्याचा मोह होतो. दुसऱ्या महायुद्धात घरेदारे गमावून आलेल्या पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसाहत उभारली गेली, आणि त्यांतील आजाऱ्यांची सोय सातारा जिल्ह्यात पाचगणीस झाली. हजारो मैलांवरून येणाऱ्या परक्यांची वार्ता आधी आली होती, म्हणून त्यांच्यासाठी छप्पर तयार होऊ शकले. कोयनेकाठची माणसे मात्र, ज्यांच्यांतील कित्येकांची गावे आधीच शिवसागराखाली गेली होती, ती अर्ध्या मिनिटात आपल्याच मुलखात निर्वासित झाली.

आता २०१९ चा महापूर. ह्या वेळी वार्तेचा दुष्काळ नव्हता. हातोहाती फोन होते, आकडे तासातासाला येत होते. तरीही हजारो कुटुंबे घर सोडीनात. कारण विचारले तर उत्तर एकच असे: २००५ मध्ये पाणी अमुक पायरीपर्यंत आले होते, त्याच्या वर येणार नाही. २००५ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत गेले होते. लोकांनी नव्या वार्तेला जुन्या खुणेने मापले. माझ्या मते ह्यात त्यांचा हट्ट नव्हता; त्यांच्या भाषेत बोलणारे एकच माप त्यांच्यापाशी होते, आणि ते भिंतीवर होते. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. वीज बंद झाली, तसे फोनही एकेक करून मुके झाले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेल्या ग्रामस्थांची नाव उलटली व कित्येक जण बुडाले. पाणी गावाला वेढीपर्यंत ते थांबले होते, आणि मग एका नावेत फार माणसे बसली.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा २००५ च्या पातळीच्या आसपास आली. ह्या खेपेस नदीकाठच्या अनेक घरांनी चाळीस फुटांची वाट पाहिली नाही. जनावरे आधी हलली, मग धान्य, मग माणसे.