उतरंड
धान्य, डाळी, पीठ इ. जिन्नस साठविण्यासाठी एकावर एक रचलेल्या मडक्यांची चळत. महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणेच जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी घरांतही ती असे. तळाशी सर्वांत मोठे मडके व वर क्रमाने लहान मडकी ठेवीत. वरच्याचा गोल बुंधा खालच्याच्या तोंडावर कडेपुरताच टेके. त्यामुळे तो न रुतता झाकणाचेही काम करी. तळचा जिन्नस काढण्यास मात्र सबंध उतरंड उतरवावी लागे. धातूचे डबे आल्यावर ती मागे पडली.

पॉलिएथिलिनाच्या शोधानंतर (१९३३) प्लॅस्टिकचे डबे प्रचारात आले. साच्यातून सुटण्यासाठी त्यांच्या भिंतींना उतार देतात. परंतु त्यामुळेच एकात एक घातलेले रिकामे डबे अडकतात आणि आत हवा न शिरल्याने ओढूनही सुटत नाहीत. म्हणून आत पायरी ठेवून वरचा डबा तीवर टेकवितात व भिंतींत फट राखतात. तत्त्व उतरंडीचेच आहे.

नारायणगावच्या (ता. जुन्नर) बाजारात टोमॅटो सु. २० किग्रॅ.च्या प्लॅस्टिक क्रेटांतून येतात. शेतकरी त्यांना ‘कॅरेट’ म्हणतात. वरच्या क्रेटचा तळ खालच्याच्या काठावर टेकल्याने भार भिंती पेलतात. क्रेट काठाच्या वर भरल्यास मात्र तो फळांवर पडून माल चेपतो.