वेबसाइट बनवून घेताय? मग कोटेशनमधले हे शब्द आधी समजून घ्या



समजा, तुमच्या मामाचं सांगलीत फरसाणाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी वेबसाइट हवी म्हणून मामाने ओळखीच्या एका डिझायनरकडून कोटेशन मागवलं. घरातला 'कॉम्प्युटरवाला' तुम्हीच, त्यामुळे कागदाचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आला. त्यात लिहिलंय: डोमेन, होस्टिंग, एसएसएल, रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, सीएमएस, पाच पेजेस, बेसिक एसईओ. खाली एकच आकडा. आणि मामाचा मेसेज, "बघ रे जरा, बरोबर आहे का?"

गंमत अशी की यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जातीची आहे. काही गोष्टी दरवर्षी भाडं भरून ठेवायच्या असतात, काही एकदाच करायचं काम असतं, तर काही चक्क फुकट मिळतात. हे वेगळं करता आलं की कोटेशन वाचता येतं. आपण कागदावरच्या क्रमानेच जाऊ. पण डोमेनवर जरा जास्त थांबू, कारण बाकी काहीही बिघडलं तरी पुन्हा करता येतं, डोमेन हातातून गेलं तर परत मिळेलच असं नाही.

## डोमेन: नाव कोणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. आपल्या उदाहरणात 'मामाफरसाण डॉट इन' धरू. लोक म्हणतात "डोमेन विकत घेतलं", पण खरं तर ते भाड्याने मिळतं, एका वर्षासाठी किंवा काही वर्षांसाठी. मुदत संपायच्या आत रिन्यू करावं लागतं. साधं डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं. पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, रिन्युअलचा दर काय आहे ते विचारा.

हे नाव ज्या कंपनीकडून घेतात तिला रजिस्ट्रार म्हणतात. आणि ज्याच्या नावावर ते नोंदवलं जातं तो रजिस्ट्रंट. शब्द सारखे वाटतात, पण सगळा खेळ या दुसऱ्या शब्दात आहे. बरेच डिझायनर सोय म्हणून स्वतःच्याच अकाउंटमधून, स्वतःच्याच नावावर डोमेन घेतात. मनात वाईट काही असतंच असं नाही. पण तीन वर्षांनी त्याने धंदा बदलला, नंबर बदलला, तर रिन्युअलचा ईमेल त्याच्याकडे जातो आणि मामाला काही कळतच नाही. मुदत संपल्यावर थोडे दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर नाव पुन्हा बाजारात येतं आणि जो आधी पैसे भरेल तो ते घेऊ शकतो. तोपर्यंत मामाने ते नाव दुकानाच्या पाटीवर, बॉक्सवर, व्हिजिटिंग कार्डवर छापून घेतलेलं असतं.

म्हणून अकाउंट मामाच्या ईमेलने आणि मामाच्या मोबाइल नंबरने उघडायचं, रजिस्ट्रंट म्हणून मामाचं किंवा दुकानाचं नाव टाकायचं आणि डिझायनरला लागेल तेवढाच ॲक्सेस द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. डोमेन कोणाचं आहे हे बघायला 'हू-इज' नावाचा सर्च असतो, पण हल्ली त्यात मालकाची माहिती बऱ्याचदा झाकलेली असते. त्यामुळे साधी परीक्षा एकच: मामाला रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः लॉगिन करता येतं का?

डॉट इन, डॉट कॉम या शेवटच्या तुकड्याला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. डॉट इनचा कारभार भारतातली 'निक्सी' ही संस्था बघते. देवनागरीतला 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतो, त्यामुळे अख्खा पत्ता मराठीत ठेवता येतो. फक्त अजून काही ॲप आणि फॉर्म असे पत्ते नीट स्वीकारत नाहीत, म्हणून जोडीला इंग्रजी अक्षरांतलं एक नाव ठेवलेलं बरं.

पत्ता वाचायचा तो उजवीकडून. 'ऑर्डर डॉट मामाफरसाण डॉट इन' यात मूळ डोमेन 'मामाफरसाण डॉट इन', आणि पुढचं 'ऑर्डर' म्हणजे सबडोमेन. सबडोमेन मालकाला हवं ते ठेवता येतं. म्हणूनच फसवणारे पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचं नाव टाकतात आणि शेवटाला भलतंच डोमेन असतं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तर तो शेवट कधी कधी दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' पत्त्यावर जायला सांगितलं ते याचसाठी, कारण हा शेवट बँकांखेरीज दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

आणखी एक शब्द, डीएनएस. फोनमध्ये आपण नाव शोधतो आणि फोन नंबर लावतो, तसं डोमेनवरून सर्व्हरचा नंबर शोधून देणारी ही यंत्रणा. यात बदल केला की तो सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. "काल बदललं, तुझ्याकडे दिसतंय, माझ्याकडे का नाही?" याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

## होस्टिंग आणि एसएसएल

साइटच्या फाइल्स, फोटो, ऑर्डरची माहिती ज्या कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरवर राहते तो सर्व्हर, आणि त्यावरची जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. डोमेन पाटी, होस्टिंग गाळा. गाळा बदलून तीच पाटी नव्या जागी लावता येते. म्हणून होस्टिंग एका कंपनीकडे आणि डोमेन दुसरीकडे असेल तरी काही बिघडत नाही.

'अनलिमिटेड होस्टिंग' या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका. एकाच मशीनवर अनेक साइट्स असतात आणि नियमांच्या बारीक अक्षरांत मर्यादा दिलेली असते. मामाची साइट स्टॅटिक असेल, म्हणजे सगळ्यांना तीच ठरलेली पानं दाखवणारी असेल, तर गिटहब पेजेससारख्या सेवेवर ओळखपत्रासारखी छोटी साइट फुकटही ठेवता येते. ऑनलाइन ऑर्डर, लॉगिन, पेमेंट आलं की ती डायनॅमिक होते. मग डेटाबेस लागतो आणि पैसे देऊन होस्टिंग घ्यावंच लागतं. बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी घेणार, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.

एसएसएल सर्टिफिकेट असलं की पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो. तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यात जाणारी माहिती कुलूपबंद होते, वाटेत कोणी वाचू शकत नाही. 'लेट्स एनक्रिप्ट' ही संस्था असं सर्टिफिकेट फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या ते आपोआप लावून देतात. त्यामुळे फरसाणाच्या दुकानाला एसएसएलचे वेगळे हजारो रुपये लावले असतील, तर कशासाठी ते विचारा. आणि हो, एचटीटीपीएस म्हणजे समोरचा प्रामाणिक आहे असं मुळीच नाही. भामट्यालाही ते तितक्याच सहज मिळतं.

## एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट

निकालाच्या दिवशी साइटवर झुंबड उडते आणि पान अर्धवट उघडतं: सगळा मजकूर डावीकडे, निळ्या अधोरेखित लिंक्स, रंग नाही, रचना नाही. हे बघितलंय ना? त्या वेळी एचटीएमएल पोहोचलेलं असतं, सीएसएस वाटेत अडकलेलं असतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असं ब्राउझरला सांगणारं ते एचटीएमएल. रंग, अक्षरांचा आकार, मांडणी ठरवणारं ते सीएसएस. आणि पान छान दिसतंय पण बटण दाबून काहीच होत नाही, तेव्हा बऱ्याचदा जावास्क्रिप्ट आलेलं नसतं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली तेव्हा फक्त पानं आणि लिंक्स होत्या. सीएसएसचा प्रस्ताव १९९४ चा. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत लिहिली. (तिचा जावाशी संबंध नावापुरताच. इंटरव्ह्यूमध्ये दोन्ही एकच समजून बोलू नका.)

जे तुमच्या स्क्रीनवर चालतं ते फ्रंट एंड. जे सर्व्हरवर चालतं, म्हणजे ऑर्डर साठवणं, स्टॉक तपासणं, ते बॅक एंड.

## रिस्पॉन्सिव्ह

एकच साइट मोबाइलवर, टॅबवर आणि कॉम्प्युटरवर त्या त्या स्क्रीनप्रमाणे नीट बसणं म्हणजे रिस्पॉन्सिव्ह डिझाइन. हा शब्द ईथन मार्कॉट यांनी २०१० मधल्या एका लेखात रूढ केला. त्याआधी आयफोनचा ब्राउझर आपण ९८० पिक्सेल रुंद आहोत असं भासवून अख्खं पान लहान करून दाखवायचा आणि आपण बोटांनी झूम करत बसायचो. आता 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक ओळ पानात टाकली की ब्राउझर खरी रुंदी धरतो. ज्या रुंदीला मांडणी बदलते, तीन रकान्यांचा एक होतो, तिला ब्रेकपॉइंट म्हणतात.

आज हे कोटेशनमध्ये 'स्पेशल फीचर' म्हणून लिहिलेलं बघून मला हसू येतं. मामाचं गिऱ्हाईक मोबाइलवरच येणार आहे, गूगलही साइटची मोबाइल आवृत्तीच बघून ठरवतं. तपासायचं कसं? साइट साध्या अँड्रॉइड फोनवर उघडा. आडवं सरकवावं लागतं का? बटण अंगठ्याने पहिल्या फटक्यात दाबलं जातं का? फोन आडवा केल्यावर काही झाकलं जातं का? डिझायनरच्या लॅपटॉपवरच्या स्क्रीनशॉटवर 'छान आहे' म्हणू नका.

## पानाचे भाग

वर नाव आणि मेन्यूची पट्टी म्हणजे हेडर, खाली पत्ता-फोन असलेला फूटर. हेडरखालचं मोठं चित्र आणि मथळा म्हणजे हिरो सेक्शन. 'ऑर्डर करा' हे ठळक बटण म्हणजे कॉल टू ॲक्शन. तीन आडव्या रेघांचा मेन्यू म्हणजे हॅम्बर्गर. नॉर्म कॉक्स यांनी तो १९८१ च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरसाठी काढला होता. तीन उभ्या ठिपक्यांना डिझायनर लोक 'कबाब' म्हणतात, भूक लागल्यावर नावं ठेवली असावीत! टॅबवरचं छोटं चित्र म्हणजे फेविकॉन.

डिझाइन सुरू होताना आधी वायरफ्रेम येते. नुसते चौकोन आणि रेघा, रंग नाही. बदल सांगायचे ते इथेच, कारण इथे चौकोन हलवायला दोन मिनिटं लागतात. नंतर रंग-फोटोंसकट मॉकअप येतो. दिसणं, बटणं, रंग म्हणजे यूआय. वापरताना माणसाला काय अनुभव येतो ते यूएक्स. पाव किलो चकली मागवायला सात स्क्रीन लागत असतील, तर यूआय देखणं असूनही यूएक्स वाईट आहे.

याचीच वाईट बाजू म्हणजे डार्क पॅटर्न, गिऱ्हाइकाला गंडवणारं डिझाइन. न विचारता कार्टमध्ये देणगी टाकणं, 'फक्त २ पाकिटं शिल्लक' असा खोटा इशारा. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये असे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली आहे. "सेल वाढेल" म्हणून कोणी मामाला खोटा टायमर सुचवला तर नको म्हणा.

## साइट मराठीत असेल तर

मजकूर युनिकोडमध्येच हवा. छपाईवाल्याकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आली आणि तशीच चिकटवली, तर गिऱ्हाइकाला अगम्य चिन्हं दिसतात. मजकुराचं चित्र करून टाकणं हा त्यावर उपाय नाही, कारण चित्रातलं 'भाजणीची चकली' गूगलला नीट शोधता येत नाही.

लाइन हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. नाहीतर वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला टेकतात किंवा कापले जातात. लेटर स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते शून्यच ठेवायला सांगा. पानाची भाषा कोडमध्ये 'मराठी' अशी नोंदवली, तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' बघा, दोन्ही फुकट आहेत.

अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ पट असावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पिवळ्यावर पांढरं लिहिलं तर उन्हात कोणालाच वाचता येणार नाही. फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं वर्णन, दिलं की अंध व्यक्तीचा फोन ते वाचून दाखवतो.

## सीएमएस आणि एसईओ

दर बदलला की दरवेळी डिझायनरला फोन करायचा नसेल तर सीएमएस हवं. फेसबुकवर पोस्ट टाकावी तसं लॉगिन करून मजकूर बदलता येतो. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस यात सर्वांत लोकप्रिय, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट्स त्यावर चालतात. थीम म्हणजे त्याचं रूप, प्लगइन म्हणजे वरून जोडलेली सोय. दोन्ही अपडेट केली नाहीत तर हॅकर्सना दार उघडं मिळतं, त्यामुळे अपडेट कोण करणार हे ठरवा. ॲडमिन पासवर्डही मामाकडे हवा.

एसईओ म्हणजे सर्चमध्ये साइट सापडावी म्हणून केलेलं काम: नीट शीर्षकं, वेग, खरी माहिती. "पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी!" म्हणणाऱ्याला नमस्कार करा, अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं गूगल स्वतःच सांगतं.

## साइट चालू झाल्यावर

४०४ दिसलं तर सर्व्हर चालू आहे, ते पान मात्र तिथे नाही. ५०० दिसलं तर सर्व्हरवरच काहीतरी बिघडलंय, डिझायनरला फोन लावा. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, तिच्यामुळे कार्टमधली चकली पान बदललं तरी कार्टमध्येच राहते. आणि कॅश म्हणजे इथे पैसे नव्हेत. पान लवकर उघडावं म्हणून ब्राउझर फोटो आणि सीएसएस स्वतःकडे साठवून ठेवतो, ती साठवण. त्यामुळे चिवड्याचा नवा फोटो टाकला आणि मामाच्या फोनवर जुनाच दिसतोय, तर कोणाशी भांडायच्या आधी पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा.