पार्लमेंटच्या दारी अर्ज : मुंबई, पुणे आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न (१८५२ ते १९१०)

प्रस्तावना

'अर्ज' हा शब्द मराठी कारभारात फार्सीच्या वाटेने आला आणि पुढे पूर्णपणे घरचा झाला. अर्जदास्त, विज्ञापना, फिर्याद हे शब्द मराठी दप्तरांना परिचित आहेत. राजाकडे वा पेशव्यांकडे दाद मागणे रयतेला नवे नव्हते. मात्र अशी दाद सहसा वतनाची, साऱ्याची किंवा एखाद्या अंमलदाराच्या जुलुमाची असे. राज्यकारभाराची रचनाच बदलावी, असे मागणे तीत क्वचितच आढळते. १८५२ मध्ये मुंबईहून ब्रिटिश पार्लमेंटकडे गेलेला विनंतीअर्ज या दृष्टीने निराळा आहे. या अर्जाने काय मिळविले, यापेक्षा त्याने कोणता प्रश्न उभा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तो प्रश्न असा की, अर्जदार नेमके कोणाच्या वतीने बोलतो?

रंगो बापूजी आणि जुनी रीत

लंडनमध्ये मराठी माणसाचे गाऱ्हाणे त्यापूर्वीच पोहोचले होते. १८३९ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीला पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी सुमारे १४ वर्षे इंग्लंडमध्ये काढली. जॉर्ज थॉम्प्सन, जोसेफ ह्यूम यांसारख्यांचे साहाय्य त्यांना लाभले. न्याय मात्र लाभला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच निवर्तले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाले आणि १८५३ मध्ये रंगो बापूजी रिक्त हस्ताने परतले. त्यांच्या निष्ठेविषयी दुमत नाही. पण त्यांची वकिली एका धन्याची होती. त्यांच्यापाशी मुखत्यारी होती ती राजाची. प्रजेची मुखत्यारी ही कल्पनाच तेव्हा रूढ नव्हती.

१८५२ चा अर्ज

कंपनीच्या सनदेची मुदत १८५४ मध्ये संपणार होती. सनद पुन्हा द्यावयाची तर कोणत्या अटींवर, याची चौकशी पार्लमेंटने १८५२ मध्येच आरंभली. दर वीस वर्षांनी येणारी ही संधी साधण्यासाठी २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. नाना शंकरशेट अध्यक्ष, सर जमशेटजी जीजीभाई मानद अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे चिटणिसांपैकी एक होते. तरुण दादाभाई नौरोजी या प्रसंगी बोलले. ते त्यांचे पहिले राजकीय भाषण मानले जाते.

असोसिएशनच्या अर्जात आरोपांपेक्षा रचनेची चिकित्सा अधिक होती. एकीकडे संचालक मंडळ आणि दुसरीकडे बोर्ड ऑफ कंट्रोल अशा दुहेरी कारभारात जबाबदारी कोणावरच ठरत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. कायदे करणाऱ्या मंडळांत एतद्देशीयांना स्थान असावे, वरिष्ठ जागा त्यांना खुल्या व्हाव्यात, युरोपीय नोकरवर्गावरील भारी खर्च कमी करावा, रस्ते-पुलांसारख्या लोकोपयोगी कामांवर पैसा घालावा, या मागण्या त्यास जोडल्या होत्या.

अर्जाचा मार्गही लक्षात घेण्याजोगा आहे. पार्लमेंटला अर्ज करावयाचा तो एखाद्या सभासदाच्या हातूनच, आदराच्या भाषेत आणि शेवटी नेमकी प्रार्थना लिहून. शिवाय १८४२ नंतर कॉमन्स सभेत अर्जांवर चर्चा करण्यास बहुतेक वावच उरला नव्हता. अर्ज मेजावर ठेवला जाई आणि त्याची नोंद होई, एवढेच. मुंबईकरांना मत नव्हते, म्हणून त्यांचा सभासदही नव्हता. परक्या मतदारसंघाच्या सौजन्यावर त्यांना विसंबावे लागे. १८५३ मध्ये जॉन डिकिन्सन यांनी लंडनमध्ये काढलेली 'इंडिया रिफॉर्म सोसायटी' आणि जॉन ब्राइट यांचे पाठबळ यांचे मोल त्यामुळेच मोठे होते.

फलित

१८५३ च्या कायद्याने संचालकांची संख्या २४ वरून १८ केली, त्यांपैकी ६ सरकारनियुक्त ठरविले, सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा ठेवली आणि सनदेची वीस वर्षांची मुदत काढून टाकली. कायदेमंडळ १२ सभासदांचे झाले. त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. परीक्षा लंडनमध्येच होणार होती, म्हणजे दार उघडले ते समुद्रापलीकडे. मुंबईने दुसरा अर्ज केला, परंतु कायद्याची मूळ चौकट बदलली नाही.

याच सुमारास मद्रासच्या सभेचाही अर्ज गेला होता. सारावसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ होतो, ही तेथील तक्रार पार्लमेंटमध्ये गाजली, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८५५ च्या अहवालात छळ होत असल्याचे मान्य झाले. मद्रासने रयतेच्या अंगावरील वळ दाखविले, मुंबईने राज्ययंत्राचा दोष दाखविला. दुःखाचा पुरावा राज्यकर्त्यांना मान्य होतो. सत्तेत वाटा मागणे मात्र त्यांना पचत नाही, असा निष्कर्ष यातून काढणे अवाजवी ठरू नये.

अर्जाच्या कक्षेबाहेरचा मुलूख

मराठी भाषकांपैकी मोठा वर्ग या साऱ्यापासून दूर होता. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार, औंढा नागनाथ हा परिसर निजामाच्या राज्यात मोडत असे. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिच्या खर्चाच्या थकबाकीपोटी मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. मुंबईच्या मागण्यांवर लंडनमध्ये खल चालू असतानाच हे घडले. धाराशिवचा मुलूख १८६० मध्ये निजामाकडे परतलाही. सात वर्षांत रयतेचा धनी दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नाही. निजामाच्या प्रजेला ब्रिटिश पार्लमेंटपुढे उभे राहण्याचा अधिकारही नव्हता.

मुखत्यारपत्र

मूठभर सुशिक्षित आणि धनिक यांनी साऱ्या देशाच्या नावाने बोलू नये, हा आक्षेप अशा सभांवर सतत घेतला जाई. तो सोयीचा होता, पण निराधार नव्हता. त्याला सर्वांत कल्पक उत्तर पुण्याने दिले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा निर्माण झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण; 'सार्वजनिक काका' ही त्यांची ओळख तेथूनच. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम झाला. सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांवर ९५ सभासद निवडले गेले. कोर्टकचेरीतील एक साधा दस्तऐवज अशा रीतीने निवडणुकीचे साधन बनला. सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी होते, हाही एक योगच. त्यांच्या घराण्याचे प्रतिनिधिपद छत्रपतींकडून आलेले. आता ते रयतेच्या सह्यांवर उभ्या असलेल्या सभेच्या अग्रस्थानी बसले होते.

या बळावर सभेने १८७२ पासून दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली आणि १८७५ मध्ये थेट कॉमन्स सभेकडे मागणी केली की, हिंदुस्थानचे प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये घ्यावेत. मागणी वाटते तितकी अद्भुत नव्हती. शेजारच्या गोव्यातून १८२२ मध्येच लिस्बनच्या संसदेसाठी बर्नार्दो पेरिश द सिल्व्हा प्रभृती निवडले गेले होते, आणि फ्रेंच वसाहतींचा प्रतिनिधी १८७१ पासून पॅरिसमध्ये बसत होता. ब्रिटिश पार्लमेंटने मागणी मान्य केली नाही. १८९२ मध्ये दादाभाई तेथे पोहोचले, ते सेंट्रल फिन्सबरीच्या इंग्रज मतदारांच्या मतांवर. सनदी परीक्षा हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभेत संमत झाला, पण तो अमलात आला नाही.

मुखत्यारपत्रावर सह्या करणारे ते सहा हजार कोण, हा प्रश्नही उरतोच. सभेचा कारभार सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांच्या हाती होता. ज्यांना त्या वर्तुळात जागा नव्हती त्यांनी अर्जाचेच साधन हाती घेतले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेले. सैन्यातील भरतीचे दार महारांना बंद झाल्यावर शिवराम जानबा कांबळे यांनी मुंबई सरकारकडे अर्ज केला आणि १९१० मध्ये पार्लमेंटला जबाबदार असलेल्या भारतमंत्र्यांकडेच दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.