उसण, पायाळू आणि पुरावा

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही रीत जुन्या पिढीला नवी नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याचा पाय दुखऱ्या जागी लागला की उसण उतरते, अशी समजूत. दौंड तालुक्यातल्या भांडगावासारख्या, उसाच्या पट्ट्यातल्या गावात कंबर धरणे म्हणजे रोज बुडणे. त्यामुळे या रीतीकडे नुसते हसून चालत नाही. गुण येत असे, हे खरेच होते. तो कशाने येत असे, एवढाच प्रश्न आहे.

अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. दुखणे ऐन भरात असतानाच माणूस उपायाकडे धावतो. तिथून ते उतरणारच असते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. हा न्याय पायाळूला लागू होतो, तसाच दवाखान्यातल्या यंत्रालाही. म्हणून सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून उपाय पारखण्याची पद्धत आली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली १९४८ सालची चाचणी तिचा प्रसिद्ध आरंभ मानली जाते.

फिजिओथेरपी वाढली ती मात्र वेगळ्या घाईत. पोलिओने लुळे पडलेले अवयव पूर्वी पट्ट्यांत आणि प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी ओल्या, गरम लोकरीचा शेक देऊन अवयव हलवायला सुरुवात केली. क्वीन्सलँडच्या शाही आयोगाने १९३८ मध्ये त्यांच्याविरुद्ध अहवाल दिला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे त्यांची पद्धत पसरली. रोगाविषयीची त्यांची उपपत्ती टिकली नाही, पण जखडणे मागे पडले. आपल्याकडेही या विद्येला पोलिओनेच वाट करून दिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, तिचे शिक्षण सुरू झाले. पाठोपाठ १९५५ मध्ये हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. मुले समोर होती. चाचण्यांसाठी थांबायला सवड नव्हती.

पारख पुढे झाली, आणि तिने कुणाचीच भीड ठेवली नाही. कंबरदुखीला अंथरुण हा डॉक्टरांचा ठरलेला सल्ला. अमेरिकेत १९८६ मध्ये २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवसांची, काहींना सात दिवसांची विश्रांती सांगितली गेली. दुखणे दोन्ही गटांत सारखेच उतरले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्क्यांनी कमी झाले. हेलसिंकीत १९९५ मध्ये १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत अंथरुणावर पडलेल्यांपेक्षा, इतकेच काय, ताज्या दुखण्यात पाठीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपेल तशी रोजची कामे करणारे लवकर सावरले.

यंत्रांचेही तेच. अल्ट्रासाउंडच्या शेकावरील ३५ चाचण्यांचा आढावा २००१ मध्ये आला. त्यांतल्या दहाच पद्धतशीर ठरल्या आणि त्या दहांपैकी आठांत खरे यंत्र लटक्या यंत्राहून सरस दिसले नाही.

म्हणून सारी विद्याच पोकळ, असे मात्र नव्हे. महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या कंबरदुखीत व्यायामाने फरक पडतो, असे २४९ चाचण्यांच्या २०२१ सालच्या आढाव्यात दिसले. म्हणजे एकाच विद्येतला एक उपाय टिकतो, दुसरा गळतो. आणि तोच व्यायाम जुन्या दुखण्यात उपयोगी, ताज्यात निरुपयोगी ठरू शकतो.

रोजंदारीच्या माणसाला हा भेद पैशांत मोजावा लागतो. आठवडाभर पडून राहायला सांगितले, तर आठवड्याची मजुरी जाते. यंत्राच्या दहा बैठका सांगितल्या, तर उरलेलीही जाते. पायाळू निदान फुकट होता. पाय बधिर झाले, त्यांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तर मात्र कुणाचीच वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवी उपाय सांगणाऱ्याला एवढे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे : हे न करता माझी कंबर किती दिवसांत सुटली असती?