पुजारी कोणी नेमायचा?

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावरून अकराव्या शतकात युरोप पेटला होता. जर्मन राजा चौथा हेन्री म्हणे, माझ्या राज्यातले बिशप मी नेमणार. पोप सातवा ग्रेगरी म्हणे, तो अधिकार चर्चचा. पोपने हेन्रीला बहिष्कृत केलं आणि त्याचे सरदार फिरले. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री इटलीतल्या कनोसा किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस माफीसाठी ताटकळला. पुढे १०८४ मध्ये त्यानेच रोम घेतलं आणि ग्रेगरी परागंदा होऊन मेला. ११२२ मध्ये वर्म्सला तडजोड झाली : बिशपची अंगठी आणि दंड चर्च देणार, ऐहिक अधिकार सम्राट देणार.

आपल्याकडे पोप नाही, म्हणून असं भांडणही नाही, असं वाटत असेल तर पंढरपूरला या.

इथल्या देवळातल्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात रामदेवराव यादवाच्या काळातल्या, १२७३ ते १२७७ मधल्या देणग्यांची नोंद आहे. म्हणजे राजाही इथे देणगीदार म्हणून दिसतो. देवळाचा रोजचा कारभार मात्र पुढे वंशपरंपरेच्या हातात स्थिरावला. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, शिवाय पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे हे सेवाधारी. दिवसाच्या उत्पन्नाचा बडव्यांमध्ये लिलाव व्हायचा. ॲडमिनचे हक्क घराण्याच्या नावावर, आणि पासवर्ड बदलायची सोय नाही!

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो हाती कुठलीच सत्ता नसलेल्या माणसाने. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांत दार उघडलं. कनोसाला राजा दाराशी उभा होता तो स्वतःची गादी वाचवायला. गुरुजी बसले ते इतरांना आत जाता यावं म्हणून.

सरकार नंतर आलं. नाडकर्णी आयोगाने मंदिराच्या कारभाराची चौकशी केली आणि १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने वंशपरंपरागत हक्क रद्द केले. बडवे-उत्पात कोर्टात गेले. ती लढाई जवळपास चाळीस वर्षं चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने संपली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी अर्ज मागवले, तेही सर्व जातींतून आणि स्त्रियांकडूनही. जन्माने मिळणारं काम अर्ज करून मिळू लागलं. ही गोष्ट लहान नाही.

पण हिशोब इथे संपत नाही. वर्म्सला अधिकार दोघांत वाटले गेले होते. इथे समिती सरकार नेमतं आणि पुजारी समिती नेमते. अंगठी, दंड, तिजोरी, सगळं एकाच बाजूला. मग या बाजूला जाब विचारणार कोण?

उत्तराची एक झलक २०१८ च्या आषाढीला दिसली. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पंढरपूरला न येता मुंबईत घरीच पूजा केली. राज्याच्या प्रमुखाला त्या दिवशी अडवलं ते कुठल्या पुजाऱ्याने नव्हे, लोकांनी.

शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी एक मानाचं वारकरी जोडपंही असतं. त्याला सरकारची शिफारस लागत नाही की घराण्याची सनद. तासन्‌तास दर्शनबारीत उभं राहिलेलं असावं लागतं, एवढंच.