सेवाग्रामची तुळई, कुंभाराची कमान
गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या आदि निवासाच्या कौलारू छपराखाली उभा राहिलो की मला तुळईच्या पोटातली ओढाताण जाणवते. ओझ्यानं तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दर फुटावरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर मध्यावरचा ‘बेंडिंग मोमेंट’ चौपट होतो. मग जाड लाकूड हवं. ते गरिबानं आणायचं कुठून?

वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराला हाताशी धरलं. चाकावर घडवलेले निमुळते नळे भाजून, एकमेकांत खोवून कमानी छप्पर रचलं. भाजलेल्या मातीला ताण सोसत नाही, दाब सोसतो. आणि नीट आखलेल्या कमानीत मुख्यतः दाबच असतो. बाजूचा रेटा मात्र भिंतींनी पेलायचा. लाकूड वाचलं, चाकाला काम मिळालं.